रेघ शेवटी

"आधी रेघ!"

"शेवटी रेघ!"

"अहो बाई, घर बांधताना आधी पाया घालतात की कळस?"

"रेघ काय पाया आहे? अक्षराच्या पायाखाली असते का ती? डोक्यावर असते ना? मग? आधी डोकं, नंतर टोपी."

"टोपी!" विद्याधर गर्रकन जयंतीभाईंकडे वळला. "ऐकलंत शेठ? सिंगापूरला तीन आठवडे ट्रेनिंग घेऊन आलो मी. तिथं कुणी टोपी शिकवली नाही."

"तिथं मराठी शिकवली का?" शेवंतीने विचारलं.

जयंतीभाईंनी दोन्ही हात वर केले, बससमोर आलेल्या गाईला थांबवावं तसे. "बस! बस! एकदम बस! मशीन जपानची, गाळा माझा, आणि भांडण तुमचा दोघांचा. मला सांगा, हा जाकीट घालून पोरगा मैदानावर जाणार की नाय जाणार?"

तिघांच्या मधे टेबलावर निळ्या ट्रॅकसूटची दोन जाकिटं पालथी पडली होती. दोन्हींच्या पाठीवर पिवळ्या रेशमात एकच नाव होतं, सहदेव. पहिलं सोमवारचं. त्यात प्रत्येक अक्षर आपापली रेघ घेऊन आलं होतं. 'स'ची रेघ वर, 'ह'ची दोराभर खाली, आणि 'दे'नंतर अशी फट की पलीकडचं निळं कापड दात विचकून हसत होतं. एकाच नावातली चार अक्षरं, पण जणू चार चाळींत राहणारी. दुसरं जाकीट आज सकाळचं. विद्याधरने आधी अख्खी रेघ शिवून घेतली होती आणि मग खाली अक्षरं लटकवली होती. तर ह्यात प्रत्येक दांडीचं डोकं रेघेच्या वर आलं होतं, कुंपणावरून पलीकडची मॅच बघणाऱ्या पोरांसारखं.

"अक्षरं एक मिलिमीटर खाली घेतो," विद्याधर म्हणाला. "बसेल."

"एक डोकं बसेल, दुसरं उठेल. टाका कापडाला आडवा आवळतो साहेब. मुठीत कणीक दाबली की बोटांच्या फटीतून वर येते की नाही? तशी दांडी वर येते. येऊ द्या ना तिला! आपण शेवटी वरून रेघ मारायची. सगळी डोकी रेघेखाली गडप. पहिलीत पाटीवर काय करत होता? आधी रेघ मारून तिला अक्षरं टांगत होता का?"

विद्याधर पार्ल्याचा, पंचवीस वर्षांचा, डिप्लोमावाला. पहिलीत काय करत होता ते त्याला पक्कं आठवलं असणार, कारण तो जाकिटाची घडी घालायला लागला.

ही सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, जयंतीभाईंचा भरतकामाचा गाळा होता. शेवंती तिथे चौदा वर्षं होती. त्यातली साडेतेरा वर्षं ती झिगझॅग मशीनवर बसली. हाताने कापड फिरवायचं, गुडघ्याने खालची पट्टी दाबायची. जेवढी पट्टी दाबाल तेवढा टाका रुंद. शाळांचे बिल्ले, बँडवाल्यांच्या टोप्या, नवरा-नवरीच्या रुमालावरची नावं, मंडळांचे मखमली फलक, सगळं तिच्या गुडघ्यातून निघालेलं. मग उन्हाळ्यात जपानहून बारा हेडची मशीन आली. क्रेनने खिडकी काढून आत घेतली. बारा सुया एकाच वेळी एकच नक्षी भरायच्या, आणि नक्षी त्यांना सांगायची कागदाची एक लांब फीत, भोकाभोकांची. ती फीत काढायला आला कम्प्युटर. कम्प्युटरला आली काचेची केबिन, केबिनला एसी, आणि दाराबाहेर पाटी: चपला बाहेर काढा.

"देव बसवलाय आत," बायका म्हणायच्या.

झिगझॅगच्या चारातल्या तीन मशिनी भंगारात गेल्या. तिन्हींवरच्या बायकाही गेल्या. शेवंतीला जयंतीभाईंनी ठेवून घेतलं ते धागे कापायला. बारा हेडमधून निघालेल्या मालावरचे लोंबते दोरे कापायचे, दिवसभर. गळ्यात नाडीला बांधलेली छोटी कात्री. केबिनमध्ये जायला तिला बंदी, का, तर अंगावर धाग्यांची कुसं असतात, ती मशिनीत जातील. आत दोन खुर्च्या होत्या. एकीवर विद्याधर. दुसरी दुसऱ्या पाळीसाठी, अजून रिकामी. जाहिरात देऊन झाली होती, डिप्लोमावाला मिळत नव्हता. शेवंती काचेबाहेर उभी राहून दोरे कापायची आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघायची. तिची फिरकी घेत कुणी विचारलं तर म्हणायची, "बघू दे गं, खुर्चीला कुठं डिप्लोमा आहे?"

इंग्रजीचं काम झकास चालायचं. विद्याधर कळफलकावर नाव मारायचा आणि मशीन ते काढायची. इंग्रजी अक्षरं कंपनीनेच फ्लॉपीत भरून दिली होती. वाट लागली ती दशरथमुळे.

दशरथ नवतारा क्रीडा मंडळाच्या कबड्डी संघाचा मॅनेजर. देवगडकडचा, आवाज असा की तीन मैदानांवर एकच शिट्टी पुरावी. पार्ल्याच्या सामन्यांसाठी त्याला तीस जाकिटं हवी होती, प्रत्येकाच्या पाठीवर ज्याचं त्याचं नाव.

"पण इंग्लिश नको हां शेठ," त्याने बजावलं होतं. "आमचो दादू पाठीवर इंग्लिश घेऊन गेलो, तर त्याची आवस त्याका वळखूची नाय. मराठीत पाह्यजे. शनिवारी सकाळी येतंय."

जयंतीभाई हो म्हणून बसले. विद्याधरने वर्तमानपत्रातल्या मथळ्यांवरून अक्षरं मोठी करून काढली, आठवडाभर खपून एकेक अक्षर कम्प्युटरात घातलं, इंग्रजीसारखंच, सुटं सुटं. आणि सोमवारी पहिलं 'सहदेव' निघालं. आता मंगळवारची दुपार होती.

"शेवंतीबेन, असा कर," जयंतीभाई म्हणाले. "तुझी जुनी मशीन आहे ना कोपऱ्यात, तिच्यावर हाताने करून टाक."

"दिवसाला तीन होतात. आजचा दिवस धरून शनिवारपर्यंत बारा. उरलेले अठरा गडी काय टॉवेल गुंडाळून जातील?"

"मग दशरथला ना बोलतो मी."

"नका बोलू. मशीनवरच होईल. मी सांगते तसं करायचं." तिने गळ्यातली कात्री मुठीत धरली. "आणि झालं, तर आतली दुसरी खुर्ची माझी."

विद्याधर हसला. जयंतीभाई हसले नाहीत. ते धंदेवाले होते, हसण्याआधी विचार करायचे.

"आणि नाय झाला तर?"

"शनिवारी भंगारवाला यायचाय ना माझ्या मशिनीसाठी? जिन्यावरून मी तिला हात लावून खाली उतरवते. आणि तिच्यामागून मीही उतरते. परत वर येणार नाही."

"बेन, गुस्सा नाय करायचा..."

"गुस्सा नाही शेठ. बोली आहे."

तिने कोपऱ्यातल्या मशीनवरचं प्लॅस्टिक ओढलं, जाकिटाच्या उरलेल्या तुकड्यावर अडीच तास बसून 'सहदेव' काढलं. अक्षरं आधी, रेघ शेवटी. तुकडा विद्याधरच्या पुढ्यात ठेवला. रेघ अशी होती की तिच्यावर गोटी ठेवली असती तर घरंगळली नसती.

विद्याधरने तुकडा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "हात आहे तुमचा, मान्य. पण मशीनला हात नाही, बाई."

"तुम्ही शिवून तर बघा."

बुधवारी दुपारी विद्याधरने शिवून बघितलं. फ्लॉपीतल्या प्रत्येक अक्षराची रेघ त्याने काढून टाकली, नुसती बोडकी अक्षरं ठेवली, आणि नावाच्या शेवटी एक अखंड रेघ जोडली. कटकट केली, पण काम चोख केलं. नाव प्रत्येकाचं वेगळं, म्हणून अकरा सुया बंद, एकच चालू. सगळा गाळा त्या एका सुईभोवती जमला. स झाला. ह झाला. दे झाला. व झाला. सुई परत डावीकडे आली आणि रेघ मारत निघाली. एकही डोकं वर नाही! बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेवंतीची मान ताठ झाली.

रेघ 'व'पर्यंत आली. आणि थांबलीच नाही. 'व' संपला तरी ती आपली पुढे गेली, चांगली दोन दाण्यांइतकी, आणि मग थांबली, कुत्र्याच्या शेपटीसारखी.

टाळ्या विरल्या.

"टोपी मोठी झाली, बाई," विद्याधर म्हणाला.

त्याने ते हळूच म्हटलं, पण बारा हेडच्या त्या सगळ्या शांततेत प्रत्येकाला ऐकू गेलं. शेवंतीला वाटलं, आपल्याच सुईने आपल्याच बोटाला टोचलं. तिच्याच बोलण्यातला शब्द तिच्याच पाठीवर शिवून निघाला होता. ती जाकीट घेऊन घरी निघाली.

घर पाइपलाइनजवळ. नवरा शिवदास पार्ल्याच्या बिस्किटांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेलेला. दारात, मावळत्या उन्हात तिचा बाप बसला होता, खंडू पेंटर. माण तालुक्यातून आला तेव्हा त्याच्याकडे एक ब्रश होता आणि एक चुना लावलेली दोरी. मरोळच्या निम्म्या शटरांवरची नावं त्याच्या हातची. चौदा एप्रिलचे निळे फलक तर बाहेरच्या कुणाला द्यायचेच नाहीत, खंडूच काढायचा. आता हात कापत होता, ब्रश धरवत नव्हता. पण डोळा जसाच्या तसा. रस्त्यावरच्या पाट्या वाचून शिव्या द्यायचं काम तो अजून नेमाने करायचा.

त्याने जाकीट मांडीवर घेतलं. बोटाने अक्षरं चाचपली. शेपटीशी येऊन बोट थांबलं.

"ही कुणाची हाय?"

"माझी. म्हणजे मशीनची. माझ्या सांगण्यावरून केली."

"अक्षरं अखडल्यात. रेघ नाय अखडली."

"ते दिसतंय मला आबा!" ती एकदम ओरडली. "सगळ्या गाळ्याला दिसलं. माझ्या हातावर होतं, तिच्यावर होत नाही. तेच कापड, तोच दोरा. हात आणि मशीन वेगळं, हेच खरं म्हणायचं."

खंडू तिच्या आवाजाला भ्याला नाही. तो भिंतीकडे तोंड करून आयुष्यभर उभा राहिलेला माणूस. मागून कोण काय ओरडतंय याची त्याला सवय होती.

"तू रेघ मारतीस तवा कुठं बघतीस?"

"कुठं म्हणजे? कापडाकडं."

"कापडाकडं कुठं?"

"शेवटचं अक्षर जिथं संपलं तिथं. तिथवर मारायची."

"आन ती मशीन कुठं बघती?"

शेवंती जाकिटावरच्या शेपटीकडे बघू लागली. मशीन कुठे बघते? मशीन बघतच नाही. तिच्याकडे कागदाची फीत आहे. कागदावर 'व' जिथे संपतो तिथवर ती रेघ मारते. कापडावरचा 'व' तोपर्यंत डावीकडे ओढला गेलेला असतो, हे तिला कोण सांगणार?

"आंधळ्याला न्यायचं तर पायऱ्या आधी मोजून सांगाव्या लागत्यात," खंडू म्हणाला. "आन आनखी एक. शटरवर नाव काढताना म्या पयलं अक्षर कंदी पयलं काढलं न्हाय. आधी मधलं. मग एक हिकडं, एक तिकडं. कमी-जास्त झालं तर दोनी अंगाला सारखं वाटून जातंय. न्हायतर समदी चूक शेवटच्या अक्षराच्या बोकांडी बसती."

शेवंतीने जाकीट त्याच्या मांडीवरून उचललं.

"हे आधी का नाही सांगितलंस कधी?"

"तू कुठं इचारलं? तुला म्हाताऱ्याच्या रंगाचा वास यायचा."

गुरुवारी सकाळी ती धुतलेलं पातळ नेसून, हातात शंभरपानी वही घेऊन काचेच्या दाराशी उभी राहिली. चपला काढल्या. विद्याधरने आतून हात हलवला: नाही, कुसं. तिने कमरेला खोचलेला ब्रश काढला, स्वतःला खांद्यापासून पायापर्यंत झटकलं, दार उघडलं आणि आत जाऊन विद्याधरच्या शर्टाची कॉलरही झटकली.

"हे काय करताय?"

"तुमच्या अंगावर माझ्यापेक्षा जास्त आहेत. ऐका साहेब. परवा तुमचं बरोबर होतं."

विद्याधरला याची अपेक्षा नव्हती. तो भांडणाच्या तयारीने बसला होता; आता तयारीचं काय करावं त्याला कळेना.

"मशीनला हात नाही म्हणालात. हात आहे हो तिला. डोळा नाही. तो आपण द्यायचा. मला एकेक अक्षर सुटं शिवून द्या, ह्याच कापडावर. अक्षर किती अखडतं ते मी मोजते. जेवढं कापड खातं तेवढं त्याला आधीच वाढायचं."

"मोजणार कशाने?"

तिने दोरा दाखवला. कागदावरच्या अक्षराला दोरा लावायचा, गाठ मारायची. शिवलेल्या अक्षराला तोच दोरा लावायचा, उरलेलं वहीत लिहायचं. दुपारपर्यंत वहीची चार पानं भरली.

"'ब', 'व' पोटवाले, कमी खातात," ती बोलत होती. "एका दांडीला पाव सूत. 'श' खादाड आहे, अर्धा सूत."

"सूत म्हणजे? मिलिमीटरमध्ये सांगा."

"तुमच्या सिंगापुरात सूत नाही? इंचाचे आठ भाग करा, त्यातला एक."

विद्याधरने कागदावर आकडे मांडले. मग एकाएकी ताठ बसला. "थांबा. आपण चित्र सहापट मोठं काढतो. म्हणजे तुमचा अर्धा सूत माझ्या कागदावर तीन सूत होतो. अहो, हे तर डोळ्याने दिसेल! अंदाज नाही करायचा, सरळ आखायचं!"

"मग आखा ना. बघता काय?"

"ओरडू नका. इथे मी इन्चार्ज आहे."

"तुम्ही इन्चार्ज, मी अक्षर. आखा."

त्या दिवशी केबिनमधून इतका आरडाओरडा बाहेर येत होता की बायकांना वाटलं, आता हाणामारी होणार. जयंतीभाई दोनदा काचेपाशी येऊन गेले. दोन्ही वेळा त्यांना आत एकाच कागदावर वाकलेली दोन डोकी दिसली. शेवंतीने मथळ्यावरून उचललेला 'ल' खोडून आपल्या बापाचा 'ल' काढला होता, दोन पाकळ्यांचा, आणि विद्याधर म्हणत होता, "हा जास्त चांगला आहे, पण मी तसं कबूल करणार नाही."

शुक्रवारी सकाळी त्यांनी मुद्दाम सगळ्यात अवघड नाव घेतलं, चंद्रप्रकाश. पाच अक्षरं, दोन जोडाक्षरं, एक अनुस्वार, आणि शेवटी खादाड 'श'.

"साधं घ्या ना आधी," जयंतीभाई म्हणाले. "बाळा घ्या."

"बाळा पळून जात नाही," शेवंती म्हणाली. "लावा फीत."

फीत सरकू लागली. सुई बरोबर मधोमध गेली आणि 'प्र'पासून सुरू झाली. गाळ्यातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या: हे काय, नाव मधूनच? 'प्र' झाला. सुई डावीकडे, 'द्र'. उजवीकडे, 'का'. पुन्हा डावीकडे, 'चं'. पुन्हा उजवीकडे, 'श'. कापड दोन्हीकडून सारखं आत आलं, एखादा माणूस थंडीत अंग चोरतो तसं. मग वरचा अनुस्वार, टिच्चून बसलेला. पाच बोडकी अक्षरं उन्हात उभी असल्यासारखी दिसत होती.

सुई डावीकडच्या टोकाला गेली. थांबली. शेवंतीने पदर दाताखाली धरला.

रेघ निघाली. 'चं'वरून, 'द्र'वरून, 'प्र'ची वर आलेली दांडी दाबत, 'का'ची दोन डोकी झाकत, 'श'वर आली. आता कडा. सुई 'श'च्या शेवटच्या दांडीपर्यंत गेली, तिच्या काठाला टेकली, आणि ठक, थांबली.

विद्याधरने खिशातून पट्टी काढली. शेवंतीने पट्टी बाजूला सारून रेघेवर दोरा ताणून धरला. दोरा आणि रेघ यांच्यामध्ये कुठेही निळं दिसत नव्हतं.

"शेपूट?" जयंतीभाईंनी लांबूनच विचारलं.

"शेपूट नाही शेठ," विद्याधर म्हणाला, आणि एवढ्या मोठ्याने म्हणाला की खालच्या मजल्यावरच्या प्रेसवाल्याने वर येऊन विचारलं, काय झालं?

मग काय, फितीमागून फीत. सहदेव. बाळा. अंबादास. दादू. दुपारी दशरथचं स्वतःचं नाव आलं तेव्हा विद्याधरने मधेच मशीन थांबवली.

"बाई, 'थ'! अख्खी रेघ गेली तर त्याची गाठ झाकली जाईल. तिथं रेघ तोडायला हवी. 'थ'ला अर्धीच टोपी."

शेवंती त्याच्याकडे बघत राहिली. "सिंगापूरला शिकलात?"

"नाही. पहिलीत."

संध्याकाळी पाचला तिसावं जाकीट खाली उतरलं. धागे कापायचे होते. शेवंतीने ते कापले, तिसांचे, एकही दुसरीला दिलं नाही.

शनिवारी सकाळी दहाला दशरथ आला. बरोबर सहदेव होता, ज्याच्या नावाने चार दिवस सगळ्यांचा जीव घेतला होता. प्रत्यक्षात तो लाजरा, सव्वासहा फुटी गडी निघाला. दशरथने पहिलं जाकीट उचललं, लांब धरलं, जवळ धरलं.

"दिसाक बरा दिसता," तो म्हणाला. "पण शेठ, कबड्डीत हात खंय पडता म्हायत आसा? पाठीर. सामनो सुरू होवच्या आधीच पोरा एकमेकांक खेचतली. माका बघूक होया."

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने आपल्या दोन्ही मुठींत सहदेवचं नाव धरलं, 'स' एका मुठीत, 'व' दुसऱ्या मुठीत, आणि खेचलं. कबड्डीतल्या माणसाने खेचलं. कापड ताणलं, मानेपाशी करकरलं. जयंतीभाईंनी डोळे मिटले.

दशरथने मुठी सोडल्या. कापड आपल्या जागी परतलं. अक्षरं जागच्या जागी. रेघ वरती तशीच, एकसंध.

"अजून एकदा," शेवंती म्हणाली. "शेठनी डोळे मिटले होते, त्यांनी पाहिलं नाही."

दशरथ पोट धरून हसला. "कोणी केला ह्या?"

विद्याधरने बोट दाखवलं. शेवंतीकडे. शेठकडे नाही, मशीनकडे नाही, स्वतःकडेही नाही.

"काय गो बाय," दशरथ म्हणाला, "बायकांच्या संघाचीव तीस आसत. आणि घाटकोपरचो एक मंडळ माझ्याकडे इचारीत होतो. मराठीत करून देशात?"

"इंग्लिशमध्ये मागितलं तरच उशीर लागेल," शेवंती म्हणाली.

सहदेवने जाकीट अंगात घातलं आणि आरशाकडे पाठ करून, मान मोडेपर्यंत वळून स्वतःचं नाव वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं. मग जाकीट न काढताच जिना उतरून गेला. खिडकीतून सगळ्यांनी पाहिलं: रस्त्यावरून तो भर उन्हात, ट्रॅकसूटमध्ये, मुद्दाम सावकाश चालला होता, आणि मागून येणारे रिक्षावाले त्याचं नाव मोठ्याने वाचत होते.

अकराला भंगारवाला आला. जयंतीभाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "नाय द्यायची. ती मशीन आहे ना, ती मास्टर आहे. सॅम्पल तिच्यावर होणार." मग ते शेवंतीकडे वळले. डोळ्यांत मनापासून कौतुक होतं आणि त्याच्यामागे, सवयीने, थोडा हिशेबही.

"शेवंतीबेन, जबान म्हणजे जबान. सोमवारपासून दुसरी खुर्ची तुझी. विद्याधर तुला बटण-बिटण शिकवेल."

"बटणं त्या दोन दिवसांत शिकतील," विद्याधर म्हणाला. "मला ती वही शिकायची आहे. बाई, वही इथेच ठेवता?"

शेवंतीने वही पिशवीत घातली.

"फक्त एक गोष्ट," जयंतीभाई पुढे म्हणाले, आवाज मऊ करून. "सकाळी दोन तास तू पहिल्यासारखे धागे कापायचे, आणि मग आत खुर्चीवर. तुझ्यासारखी सफाई कोणाच्या हाताला नाय ना. काय? ठीक आहे ना?"

बायकांच्या कात्र्या थांबल्या. शेवंतीने मान वाकवली, गळ्यातली नाडी डोक्यावरून काढली. नाडीला सहा महिन्यांचा घाम होता. तिने ती छोटी कात्री जयंतीभाईंच्या उघड्या तळहातावर ठेवली, आणि त्यांची बोटं, एकेक करून, तिच्याभोवती मिटवली.

"अरे पण," जयंतीभाई बंद मुठीकडे बघत म्हणाले, "मग धागे कोण कापणार? शेवंतीबेन? कोण कापणार?"

तिने काचेच्या दाराशी काढलेल्या चपला पायात सरकवल्या, पिशवी खांद्याला लावली, "सोमवारी येते, खुर्चीवर," म्हणाली, आणि जिना उतरून गेली.